जहाजरावांची तपासणी

८ नोव्हेंबर, शनि.

शालू क्लासवरून आली ती पिशवीत पाव घेऊन. हल्ली घरात पोळ्या कमी आणि पाव जास्त. चव चांगली आहे, नाकारत नाही. पण पाव कापताना तिचं दर दुसरं वाक्य 'बबनराव म्हणतात' असं सुरू होतं. निवृत्त शिक्षिकेने छंद म्हणून ब्रेड शिकावा, हरकत नाही. कसबा पेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत शिकावा, त्यालाही नाही. पण शिकवणारा माणूस लोणी काळभोरचा, शेतकऱ्याच्या घरातला, आणि म्हणे अकरा वर्षं क्रूझच्या जहाजावर बेकर होता. इथे माझे कान टवकारले.

कसलं जहाज, विचारलं.

"अगं, जुनं. चाळिशी उलटलेलं. एकूण चार नावं झाली त्याची."

चार नावं! जन्म गेला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासनीस म्हणून. पेटीवरचं एक लेबल खरवडून वर दुसरं लावलेलं दिसलं की पेटी बाजूला काढायची. आत काय आहे ते नंतर.

११ नोव्हेंबर, मंगळ.

चहा घेताना शालूने सरळ सांगितलं. लग्न करायचंय. त्या बबनरावांशी.

माझी धाकटी बहीण. एकोणसाठची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. बबनराव विधुर, घरी मुलगा-सून आणि म्हातारी आई. रजिस्टर लग्न करणार. आधी नोटीस, मग महिन्याने सह्या. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी.

"तू सही केलीस तरच, ताई. नाहीतर नाही."

म्हणजे बंदूक माझ्या खांद्यावर. 'बघू' म्हटलं आणि कप विसळायला उठले.

खरं लिहायचं तर, नवरा गेल्यावर ती इथे खडकीला माझ्याकडे आली, तेव्हापासून आम्ही दोघीच. ती गेली की घरात माझ्याशी बोलायला फक्त कुकर. मला एकटं राहायचं नाही. हे तिला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. आमचं आडनाव गायकवाड. शालूने नोकरीत माहेरचंच नाव ठेवलं. गायकवाड मराठ्यांत असतात आणि आमच्या बौद्धांतही असतात. ऐकणारा त्याला सोयीचं ते समजून घेतो. फॅक्टरीत एक बाई चार वर्षं माझ्या डब्यातली भाजी खात होती. मग कोणीतरी तिला आमचं मूळ सांगितलं, आणि तिला दुसऱ्या दिवसापासून ॲसिडिटी झाली. निवृत्त होईपर्यंत बरी झाली नाही.

या बबनरावांनी काय समजून घेतलंय? शालूला विचारलं. "त्यांना माहीत आहे गं." आणि त्यांच्या घरी? त्यावर तिने फ्रीज उघडला.

१६ नोव्हेंबर, रवि.

जहाजराव (यापुढे ज.रा.) घरी येऊन गेले. उंच, जरा वाकलेले, हातांवर भाजल्याचे डाग. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. हॉलमधली बुद्धमूर्ती आणि भिंतीवरचे फोटो दिसतीलच अशी खुर्ची मी त्यांना दिली. पाहिलं त्यांनी. चेहऱ्यावर काही नाही. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे कांबळेकाका दारातून 'जयभीम ताई' म्हणून गेले. मी मोठ्याने 'जयभीम' म्हटलं, गरजेपेक्षा मोठ्याने. ज.रा.नी चहाचा घोट घेतला. म्हणजे माणसाला माहीत आहे. एक सॅम्पल पास.

मग जहाज काढलं. माणूस खुलला.

जहाज बांधलं उत्तरेकडच्या थंड देशात, सत्तर सालाच्या आसपास. पहिलं नाव 'इंग्रिडा'. तेव्हा ते लोकांना या देशातून त्या देशात न्यायचं, नुसतं हिंडवायचं नाही. पुढे विमानं स्वस्त झाली, उतारू गेले. मग मालकाने ते मधोमध कापलं.

"कापलं?"

"व्हय ताई. आडवं कापलं, दोन तुकडं लांब सारलं आन मधी नवा तुकडा बसवला. खोल्या वाढल्या. मग झालं क्रूझ."

वर मान करून सांगितलं. मला काकडीची कोशिंबीर आठवली, पण विषय सोडला नाही. पोहता येतं का, विचारलं.

"न्हाई."

अकरा वर्षं समुद्रात आणि पोहता येत नाही. शालू हसायला लागली. ज.रा. शांतपणे म्हणाले, "जाकीट घालून उडी मारायची परीक्षा असती. पवायची न्हाई. पाव भाजणाऱ्याला कशाला लागतंय?"

बेकरी कुठे होती? "पार खाली. खिडकी न्हाई, काय न्हाई. दिवस का रात, पावाला सारखंच."

जाताना शालू त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेली. येताना केसांत अबोली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

१९ नोव्हेंबर, बुध.

टॅबवर शोधलं. जगात जुन्या जहाजांवर प्रेम करणारी माणसं आहेत, आणि त्यांना दुसरं काम नाही. बोटीच्या धुराड्याचा रंग कुठल्या मालकाने बदलला यावर भांडतात.

जहाज सापडलं. मधोमध कापल्याचं खरं आहे. फोटोसुद्धा आहे, दोन अर्धी आणि मधे आभाळ. नावं: 'इंग्रिडा'. मग 'कॅरिब मेलडी'. मग 'ऑरेलिया'. शेवटी 'सी पॅव्हिलियन'. दर मालकाने आधीच्या नावाची लोखंडी अक्षरं तासून वर नवं रंगवलं. तिरप्या उन्हात जुनं नाव खालून दिसतं म्हणे. डेकवर सागवान, त्यावर कुणीतरी हिरवी प्लास्टिकची हरळी चिकटवलेली. मोठ्या जिन्यात लाकडात कोरलेलं चित्र, त्यावर पुढच्या मालकाने आरसे ठोकले. पुढे आगीचे नियम कडक झाले, इतकं लाकूड चालेना, म्हणून जहाज तोडायला गेलं.

शालूला म्हटलं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ज्याला चार वेळा नाव बदलावं लागतं त्याच्या पोटात काहीतरी असतं.

ती स्वेटर विणत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या सगळ्यांची नावं बदलली. बाबा आधी धोंड्या होते, मग आनंद झाले. त्यांच्या पोटात काय होतं गं?"

धोंड्या हे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं होतं, आनंद आपण ठेवलं, हा फरक मला नंतर भांडी लावताना सुचला. पण ती तोवर फोनवर बोलत होती. त्यांच्याशीच.

२२ नोव्हेंबर, शनि.

क्लासला जाऊन आले. 'मलाही शिकायचंय' म्हटलं. शालू इतकी खूश झाली की माझी मलाच लाज वाटली.

आमच्या कामाची रीत अशी की एका तपासणीवर माल पास होत नाही. आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या अंगाने विचारायचा. कणीक मळता मळता विचारलं, जहाज हललं की पीठ सांडत नसेल?

ज.रा.नी टेबलाची कड दाखवली. चारी बाजूंनी बोटभर उंच पट्टी, वस्तू घसरू नयेत म्हणून. टेबल जहाजावरचंच आहे म्हणाले. गुजरातेत जहाजं तोडतात तिथे रस्त्याकडेला जहाजांचं सामान विकायची दुकानं आहेत, तिथून ट्रकने आणलं. "आपल्याच जहाजाचं कशावरून?" विचारलं. म्हणाले, "मलाबी नक्की ठावं न्हाई. पर हाताला वळखीचं लागलं." हे उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं कळेना.

मग आपणहून सांगितलं. जुन्या जहाजाचा मजला सपाट नसतो, दोन्ही टोकांना वर चढत जातो, पाळण्यासारखा. पावाची ढकलगाडी टोकाकडून सोडली की आपोआप मधे येते. पण मधला कापून घातलेला तुकडा सपाट, तिथे येऊन गाडी थांबते. तिथे जमिनीवर पितळेची पट्टी होती, जोड झाकायला. खालून जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नोकरांचा एकच लांब रस्ता. स्वैपाकात एक मोहोळचा होता, त्याने आणि यांनी त्या रस्त्याला नाव दिलं होतं सोलापूर रोड. "खड्डा फकस्त त्या जोडापाशी," म्हणाले.

क्लासमधल्या बायका हसल्या. मीही हसले, मग सावध झाले.

मग एक चूक केली त्यांनी. व्हेनिसची गोष्ट सांगितली. जहाज गावाच्या अगदी अंगाला लागून आत जातं, पाव भट्टीतून काढता काढता घुमट दिसतात, पहाटेची घंटा ऐकू येते. शालू डोळे मिटून ऐकत होती. मी मात्र पीठ मळायची थांबले.

बेकरीला खिडकी नव्हती ना?

२६ नोव्हेंबर, बुध.

पकडलं.

एका इंग्रज म्हाताऱ्याने जहाज तोडायला जाण्याआधी आतून फिरून व्हिडिओ केलाय. तीन वेळा पाहिला. ढकलगाडीचा लांब रस्ता आहे. पितळी पट्टीसुद्धा आहे, तो त्यावर बूट आपटून दाखवतो. तिथवर ज.रा. खरे.

पण म्हातारा पुढे सांगतो, मधली काही वर्षं हे जहाज कुठेच गेलं नाही. एका थंड बंदरात धक्क्याला बांधून ठेवलेलं. शेजारी गॅसचा कारखाना उभा राहत होता, त्याच्या मजुरांचं वसतिगृह म्हणून. नाचाच्या हॉलमध्ये एकावर एक पलंग. पोहण्याच्या टाकीवर फळ्या टाकून जेवणघर. दारूच्या बारमध्ये चिखलाचे बूट ठेवायच्या मांडण्या. दोरांना शेवाळ आलं होतं म्हणे.

वर्षं शालूच्या गप्पांतल्या सालांशी ताडून पाहिली. शालूला सांगितलेली व्हेनिस, ग्रीस, संगमरवराची बेटं, सगळी त्याच वर्षांतली.

इतका आनंद झाला की उठून चहा केला. एकटीसाठी. पहिला घोट घेतला आणि कळलं, मला बहिणीचं लग्न मोडण्याचा आनंद होतोय. चहा तसाच ओतून दिला. तरी खोटं ते खोटंच.

२९ नोव्हेंबर, शनि.

शालूला ताप, क्लासला गेली नाही. मी गेले. बायका गेल्यावर ज.रा. टेबल पुसत होते. म्हटलं, चहा घेऊ. गल्लीच्या तोंडाशी टपरीवर उभे राहिलो, मागे तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक.

म्हटलं, व्हेनिसला जहाज कधी गेलं होतं? तुमच्या वेळी ते बांधलेलं होतं.

माणूस गडबडला नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला, "चार वर्सं. हाललंच न्हाई ते."

मग बोलले ते जमेल तसं लिहिते. आधीची सात वर्षं खरंच फिरले. मग जहाज बांधलं. बाकीचे उतरले, यांना ठेवलं, मजुरांनाही पाव लागतोच. गावाकडे बायको सगळ्यांना सांगत होती, आमचे हे आज इटलीत, उद्या ग्रीसमध्ये. फोनवर विचारायची, आज कुठं? धक्का, बर्फ आणि बूट, हे काय सांगायचं? धोबीखात्यातला एक गोव्याचा माणूस होता, त्याने जग पाहिलं होतं. तो जे सांगे, तेच ज.रा. घरी सांगत. व्हेनिस त्याचं.

"खोटं सांगितलं न्हाई ओ पहिल्यांदा. ती म्हणली, इटलीत का? मी गप ऱ्हायलो. तिला बरं वाटलं."

गप राहिलो. या दोन शब्दांवर मी थांबले. कारण मला जे खरं विचारायचं होतं ते हेच होतं, जहाज नव्हे.

विचारलं, शालूबद्दल घरी काय सांगितलंय?

"सांगितलंय की. शिक्षिका हायेत. खडकीला असत्यात. गायकवाड."

"आणि?"

ग्लास टपरीवर ठेवला. "त्येंनी पुढं इचारलं न्हाई."

"म्हणजे त्यांनी काय समजून घेतलं?"

गप.

म्हटलं, बबनराव, तुम्ही माझ्या बहिणीला धक्क्याला बांधून ठेवलंय, आणि घरी सांगताय इटलीत आहे. मी निघून आले. शनिवारवाड्यापर्यंत चालत गेले, रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

३० नोव्हेंबर, रवि.

शालूला दोन्ही सांगितलं. आधी जहाज. ती हसली, "चार वर्षं बांधलेल्या जहाजावर? बिचारे." मग दुसरं सांगितलं. हसू गेलं.

मग म्हणाली, "मला वाटलं होतं सांगितलं असेल. मी विचारलं नाही." मग फोन घेऊन बेडरूममध्ये गेली, दार लावलं. आमच्या घरात दार लावायची पद्धत नाही. आवाज चढल्याचं ऐकू आलं नाही, आणि ते जास्त वाईट.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, "त्यांना म्हटलं, घरी सगळं सांगा. नाहीतर फोन करू नका."

जेवली नाही. मीही.

५ डिसेंबर, शुक्र.

फोन नाही. पाव नाही. पोळ्या. शालू स्वेटर उसवतेय, बाही चुकली म्हणे. चुकलेली नव्हती, मी पाहिली होती.

मला हवं तेच झालंय. लग्न बारगळलं तर ती इथेच राहील, आम्ही दोघी, कुकर, टीव्ही. मग बरं का वाटत नाही? रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, "ताई, तुला कधी कुणी आवडलं नव्हतं का गं?" म्हटलं, भात वाढ.

आवडलं होतं. तो कुठला ते इथे लिहायची गरज नाही. त्याच्या घरी कळलं तेव्हा तो गप राहिला, एवढंच.

११ डिसेंबर, गुरु.

ज.रा. सकाळी दारात. हातात पाव नाही, रिकामे हात. आत बोलावलं. शालू पदर सावरत आली आणि माझ्या शेजारी बसली, त्यांच्या नाही. हे मी बघून ठेवलं.

सांगितलं म्हणाले. सगळ्यांना एकत्र बसवून. मुलगा दोन दिवस बोलला नाही. सून म्हणाली, घेऊन या त्यांना. मी विचारलं, आणि आई?

"आयचं वय झालंय. आय कायबी म्हणली न्हाई."

पुन्हा तेच गप. घराण्याचाच रोग दिसतो.

रविवारी लोणीला बोलावलंय, दोघींना. शालूने लगेच हो म्हटलं. मला विश्वास नाही. त्यांनी सांगितलं याला पुरावा काय? त्यांचा शब्द. आणि त्यांचा शब्द चार वर्षं बंदरात बांधलेला होता. पण 'नको' म्हणता आलं नाही. शालूने माझा हात धरला होता, घट्ट, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

१४ डिसेंबर, रवि.

लोणीला जाऊन आलो. क्रमाने लिहिते, कारण डोकं ठिकाणावर नाही.

सोलापूर रस्त्याला लागून थोडं आत. शेत आता निम्मं, बाकी कॉलेजच्या पोरांना भाड्याने द्यायच्या खोल्या. घर पक्कं, फरशी, ओसरीसमोर ट्रॅक्टर. हॉलमध्ये जहाजाचा मोठा फोटो, फ्रेम केलेला. पांढरं, लांब, पाळण्यासारखं दोन्ही टोकांनी उचललेलं. नावाजवळ जाऊन पाहिलं. 'ऑरेलिया', आणि त्याखाली खरंच जुन्या अक्षरांची सावली. सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. मला ते फोटोत आवडलं याचा राग आला.

ज.रा.नी फोटोपाशी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "या नावानं असताना चार वर्सं धक्क्यालाच व्हतं. मी सांगत व्हतो ते खोटं." मुलगा म्हणाला, "आता कशाला काढता, अण्णा?" सून हसली. म्हणजे इथेही आत्ताच सांगितलं होतं बहुतेक, आठवडाभरात. बरं.

आई पलंगावर बसलेल्या. नव्वदीच्या आसपास असतील. नऊवारी, कपाळ मोकळं, डोळे मात्र लख्ख. नमस्कार केला तर हात जोडले. बोलल्या नाहीत.

सून चहा घेऊन आली. कागदी कपांत.

बघतच राहिले. ट्रेमध्ये सहा कागदी कप, फुलांची नक्षी. पाणीही कागदी ग्लासांत. सून आपणहून म्हणाली, "काकू, इतकी मानसं, भांडी कोन घासनार! आमी हल्ली हेच वापरतो." ज.रा.नी त्यातलाच कप घेतला. मुलाने घेतला. आईंनी घेतला नाही, "आत्ताच झाला," म्हणाल्या.

खरं असेल. हल्ली सगळीकडे कागदी कप असतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही. पण हॉलमधून स्वैपाकघर दिसत होतं, आणि मांडणीत स्टीलचे पेले ओळीने पालथे, लख्ख घासलेले. आजोबा सांगायचे, त्यांच्या गावात हॉटेलाबाहेर आमच्यासाठी वेगळी कपबशी खुंटीला टांगलेली असे. पिऊन आपणच धुवायची. आता कप फेकून देतात, कोणाला धुवावा लागत नाही. बघा, प्रगती.

चहा गार होत होता. मी घोट घेतला नाही. शालूने माझ्याकडे पाहिलं, मग मांडणीकडे पाहिलं. तिनेही पाहिलंच होतं.

ती उठली. सरळ स्वैपाकघरात गेली. मांडणीतला एक पेला घेतला, माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्याने पाणी घेतलं आणि तिथेच उभी राहून प्यायली. सगळा पेला. सून दारात थांबली होती, तिचा हात पदरावर. मुलगा फोनकडे बघत होता. ज.रा. अर्धे उठले होते, तसेच राहिले. गप.

मग पलंगावरून आई बोलल्या. आम्ही गेल्यापासूनचं पहिलं धड वाक्य.

"माठावर झाकान ठेव गं."

शालूने झाकण ठेवलं. पेला विसळला, मांडणीत पालथा घातला, येऊन बसली. सून मग बोलायला लागली, कॉलेजच्या पोरांचे किस्से वगैरे. जेवणही झालं, स्टीलच्या ताटांत. पाणी पुन्हा कागदी ग्लासांत. भाजी चांगली होती. निघताना आईंनी शालूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या नाही. मी लांब उभी होते, हेही खरं.

बसमध्ये हडपसर गेल्यावर शालू म्हणाली, "सासवा सुनांना सांगतात तसं म्हणाल्या त्या. घरातल्या बाईला सांगतात तसं."

मला तसं ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू आलं, माझं भांडं उघडलंस, आता निदान झाक.

मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आपण निघाल्यावर त्यांनी माठ ओतला असेल का गं, ताई?"

म्हणजे तिच्याही मनात होतं.

"माहीत नाही," म्हटलं. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, माल कसा आहे, आणि मी कधी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं.

"ओतला असेल तर ओतला असेल. पुढच्या वेळी परत पिईन," ती म्हणाली. पण डोळे पुसले तिने, मी पाहिलं.

१६ डिसेंबर, मंगळ.

उद्या नोटीस द्यायची म्हणते शालू. साक्षीदाराच्या आधारची झेरॉक्स लागते. तिने मागितली नाही, नुसती टेबलावर प्लास्टिकची फाईल ठेवली आहे. तिची, त्यांची, दोन्ही आत. मधला कप्पा मोकळा.

आत्ता सातच्या सुमारास ज.रा.चा फोन आला. शालू अंघोळीला होती, मी उचलला. "ताई, उद्या येताय ना?" म्हणाले. जिभेवर आलं होतं, आम्ही गेल्यावर माठाचं काय केलंत? विचारलं नाही. 'ओतला नाही' म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं. 'ओतला' म्हणाले असते तर सही करता आली नसती. आणि ते गप राहिले असते तर... तर मग मी काय केलं असतं, हे मला कळत नाही.

"शालू अंघोळीला आहे," एवढंच म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे भट्टीचा पंखा घरघरत होता. मग हळूच म्हणाले, "आय त्याच माठातलं पाणी पित्या, ताई. रोज. कालबी प्याली."

मी विचारलेलं नव्हतं.

त्यांनी स्वतः पाहिलं, का कोणाकडून ऐकलं, का मला बरं वाटावं म्हणून सांगितलं? शालू केस पुसत बाहेर आली. "कोण होतं?" विचारते आहे. पर्स उघडून बसले आहे. कार्ड हातात आहे, झेरॉक्सचं दुकान आठला बंद होतं.